अबोला कोणी धरला

सगळा डेपो तिला वहिनी म्हणायचा. तिच्याहून दहा वर्षांनी मोठे ड्रायव्हरसुद्धा वहिनीच म्हणायचे. साहेबलोक चारचौघांत बाई म्हणायचे आणि काम अडलं की तेही वहिनीवर यायचे. कारण साधं होतं. तिचा नवरा तिच्या कितीतरी आधीपासून त्याच डेपोत बस चालवत होता, आणि ती कंडक्टर म्हणून लागली तेव्हा तिची ओळख काय, तर अमक्याची बायको. पुढे ती तपासनीस झाली, मग आस्थापना विभागाच्या मोठ्या टेबलावर जाऊन बसली, सगळ्या डेपोच्या रजा तिच्या सहीने मंजूर व्हायला लागल्या, तरी वहिनी ती वहिनीच राहिली.

नवऱ्याचं नाव तर कोणी घेतच नसे. त्याला सावकाशराव म्हणायचे. गाडी चालवायची सावकाश, जेवायचं सावकाश, हसायचं तेही विनोद होऊन गेल्यावर. ब्रेक असा लावायचा की उभ्या माणसाच्या हातातला चहा हिंदकळू नये. आणि त्याला काही विचारलं की उत्तर यायला एक थांबा मागे पडायचा. माणूस वाईट नव्हता. पण त्याच्याबरोबर कंडक्टर टिकायचा नाही, कारण गाडी रोज उशिरा पोचायची आणि प्रवाशांच्या शिव्या कंडक्टरने खायच्या. नवरा-बायकोला एका गाडीवर लावायचं नाही असा डेपोचा दंडक होता. ड्यूटी लावणाऱ्या कारकुनाने शेवटी कंटाळून त्याकडे काणाडोळा केला आणि वहिनीला त्याच्याच गाडीवर टाकलं. "घरीही हीच, गाडीतही हीच, बिचाऱ्याने जायचं कुठे?" असं सगळे हसायचे. तिने जायचं कुठे, हे मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही.

त्यांची गाडी नऊ नंबरची. कारखान्याच्या फाटकापासून निघायचं, बाजारचौक, जुना पूल, इस्पितळ, शाळा असं करत नदीकाठच्या वसाहतीत पोचायचं आणि त्याच रस्त्याने परत. छताला मागून पुढे दोरी होती, दोरीच्या टोकाला घंटी. एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं. दोन घंट्या झाल्याशिवाय ड्रायव्हर गाडी तसूभर हलवत नसे, आणि गाडीत मागे काय चाललंय त्यात नाक खुपसत नसे. मागचं सगळं कंडक्टरचं. ड्रायव्हरला मागचं दिसायचं ते डोक्यावरच्या लांबट आरशात, तेवढंच.

घर म्हणजे सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि एक सज्जा. एक लेक, तेव्हा चौदा वर्षांची. आणि त्या घरात अबोल्याचा एक नियम होता, तो आधी सांगायला हवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यानेच घडवलं.

लग्नाच्या पहिल्या वर्षी खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून दोघांचं वाजलं आणि अकरा दिवस अबोला चालला. अकराव्या दिवशी दोघंही एकदम बोलायला गेले, एकदमच हसले, आणि हसता हसता नियम करून बसले: ज्याने अबोला धरला त्यानेच तो सोडायचा. दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही, मनधरणी करायची नाही. नियम फार सोयीचा निघाला. रागावलेल्याला राग उतरेपर्यंत सवड मिळायची आणि दुसऱ्याला लाचार व्हावं लागायचं नाही. "बाबांना सांग, ताट वाढलंय," "आईला सांग, किल्ली खुंटीवर आहे," असं लेकीच्या मार्फत दोन-चार दिवस चालायचं, मग ज्याने धरला तो आपणहून काहीतरी बोलायचा की झालं. सोळा वर्षांत नियम एकदाही मोडला नव्हता. वहिनीला तर त्याचा अभिमान होता. शेजारपाजारची भांडणं ऐकू आली की ती म्हणायची, आमच्याकडे असलं काही नाही बाई, आमच्याकडे शिस्त आहे.

तर अशा या शिस्तीच्या घरात, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, वहिनीला दिवस गेले.

दोन महिने पाळी आली नाही तेव्हा तिला वाटलं, वय झालं, संपलं एकदाचं. डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा कागद बघून सांगितलं तेव्हा तिने तो कागद ओढून घेऊन स्वतः पुन्हा वाचला. तिला पहिलं काय वाटलं ते स्पष्ट सांगायला हवं. संताप आला. स्वतःचा, नवऱ्याचा, समोर हसऱ्या चेहऱ्याने बसलेल्या डॉक्टरीणबाईंचासुद्धा. तपासनिसाच्या जागेची लेखी परीक्षा ती डेपोत पहिली येऊन पास झाली होती आणि मुलाखत तीन महिन्यांवर आली होती. सात वर्षं उभ्याने तिकिटं फाडून पायांच्या शिरा फुगल्या होत्या. बसायची खुर्ची आता कुठे समोर दिसायला लागली होती.

रविवारी दुपारी, लेक शिकवणीला गेल्यावर, तिने नवऱ्याला सांगितलं. ती दोघांच्या गणवेशांना इस्त्री करत होती. तो खुर्चीत बसून बूट पुसत होता. ऐकल्यावर त्याच्या हातातलं फडकं तसंच राहिलं, आणि मग त्याच्या तोंडावर असं हसू पसरलं की एवढं तिने त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"अगं, काय सांगतेस! पाळणा माळ्यावरच आहे ना?"

"पाळण्याचं काय घेऊन बसलात? मला नकोय."

"नकोय म्हणजे?"

"नकोय म्हणजे नकोय. मुलाखत आहे माझी. सात वर्षांत एकदा जागा निघालीय."

"जागा काय, पुन्हा निघेल."

"जागा पुन्हा निघेल. मी पुन्हा एक्केचाळीसची होणार आहे का?"

"पण आपणहून चालून आलंय ते," तो म्हणाला. "त्याला काय दारातून परत पाठवायचं?"

"चालून आलंय ते माझ्या पोटात. दार माझं आहे."

"मी आहे ना गं."

झालं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लेकीच्या वेळीही तुम्ही होतातच की! कुठे होतात? ती रडायची तेव्हा कूस बदलत होतात. मी टेलिफोन ऑफिसातली चांगली नोकरी सोडून सात वर्षं या दोन खोल्यांत काढली. तिला गोवर आला होता ते तुम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही दुकानवाल्याने विचारलं म्हणून!"

"तेव्हा मला कळत नव्हतं."

"आता कळतंय? मग सांगा ना. कोण घरी राहणार? मूल झाल्यावर कोण राहणार घरी?"

आता हा सावकाशराव. उत्तर यायला एक थांबा लागणार. पण तिला कुठे दम होता? "बघा," ती म्हणाली, "तोंडातून शब्द नाही. हौस तेवढी तुमची, राबायचं मी."

"तुझं ठरलंच आहे तर मला कशाला विचारतेस?" तो म्हणाला. "तुझं तू बघ." आणि खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसला.

"बघते ना. आणि मला यावर आता एक शब्द बोलायचा नाही," असं म्हणून तिने त्याच्या शर्टाच्या कॉलरवर इस्त्री अशी दाबली की कॉलर पिवळी पडली.

त्या संध्याकाळी तो जेवताना बोलला नाही. सकाळीही नाही. खुर्ची फिरवली ती त्याने, तोंड वळवलं ते त्याने, तेव्हा अबोला त्याचा, हे तिच्या मनात पक्कं होतं. ठीक आहे, ती म्हणाली मनाशी, येईल राग उतरल्यावर.

राग उतरला नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. गाडीत त्यांच्यात फक्त घंटी बोलत होती. एकदा, दोनदा. एकदा, दोनदा. वसाहतीच्या शेवटच्या थांब्यावर गाडी दहा मिनिटं थांबायची, तेव्हा ती शेडच्या मागे जाऊन ओकून यायची. तो गाडीतच बसलेला असायचा, आणि आरशात बघतोय हे तिला दिसायचं. मग एके दिवशी तिकिटांच्या पेटीत कोरड्या बिस्किटांचा पुडा निघाला. दुसऱ्या दिवशी पाण्याची भरलेली बाटली. तिने खाल्ली बिस्किटं, भूक होती म्हणून. पण मनात म्हणाली, ही काळजी माझी नाही, आत आहे त्याची. असल्या बिस्किटांनी मी विकली जाणार नाही.

आणि तरी, हेही खरं आहे की तिसऱ्या आठवड्यात ती पहिल्यासारखी ठाम राहिली नव्हती. मूल हवंसं वाटायला लागलं असं नाही. पण बाजारचौक ते जुना पूल या टप्प्यात गर्दी कमी व्हायची, तेव्हा ती दांड्याला टेकून विचार करायची. दुसऱ्या डेपोतल्या एका ड्रायव्हरने आजारी आईसाठी वर्षभर बिनपगारी रजा घेतली होती. ते होऊ शकतं म्हणजे. त्याने एक वाक्य बोलायचं होतं, मी घरी राहतो, एवढंच. मग काय केलं असतं ते तिलाही ठाऊक नव्हतं. पण मग ती गोष्टच निराळी झाली असती. मग ते एकटीच्या गळ्यात पडलेलं लोढणं राहिलं नसतं.

तुम्ही म्हणाल, एवढा जिवाचा प्रश्न, बोलायचं होतं की तिनेच! चुलीत घालायचा तो नियम! म्हणायला सोपं आहे. लेकीच्या तोंडून निरोप पाठवण्यासारखी ही गोष्ट नव्हती. आणि सोळा वर्षांत त्याने अबोला धरला की त्यानेच सोडला होता. आता हिने आधी तोंड उघडायचं म्हणजे काय, पदर पसरायचा? "राहा ना हो घरी" म्हणून हातापाया पडायचं? ज्याला मूल हवंय त्याने बोलावं. एवढंही त्याच्याने होत नसेल तर तो पुढे काय दिवे लावणार, हे तिला दिसतच होतं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, उशीर करू नका, गुरुवार शेवटचा धरा. तिने तारीख घेतली. इस्पितळाची चिठ्ठी बुधवारी सकाळी त्याच्या डब्याखाली ठेवली. डबा उचलताना त्याने ती वाचली, नीट घडी घालून पुन्हा होती तिथे ठेवली, आणि जिना उतरून गेला. कारकुनाला तिने सांगून ठेवलं की उद्या इस्पितळाच्या थांब्यावर बदली कंडक्टर पाठव, मला तिथे उतरायचंय. कारकुनाने कशासाठी विचारलं नाही. तो तिच्याकडे जरा विचित्र बघत राहिला, पण ते तिला पुढे कितीतरी वर्षांनी आठवलं.

गुरुवारी अकराच्या फेरीला गाडी जुना पूल ओलांडून इस्पितळाकडे वळली. तिने एक घंटी दिली. रोज तो थांब्याच्या खांबापासून दोन हात पुढे थांबायचा. त्या दिवशी त्याने गाडी फुटपाथला अशी चिकटवली की पायरी आणि फुटपाथ एक झाले. बदली कंडक्टर वर चढला. तिने खांद्यावरची पिशवी काढून त्याला दिली, तिकिटांची पेटी दिली, आणि पायरीवर जाऊन उभी राहिली.

तिथे ती थांबली. किती वेळ, ते तिला कधी सांगता आलं नाही. एका म्हातारीने विचारलं, "उतरताय ना बाई?" तिने आरशात बघितलं. तो बघत होता. सरळ तिच्या डोळ्यांत. बोला, ती मनातल्या मनात म्हणत होती, अहो बोला, आता तरी बोला, नियम गेला खड्ड्यात.

त्याने हात पुढे केला आणि इंजिन बंद केलं.

भर थांब्यावर त्याने कधी इंजिन बंद केलं नव्हतं. गाडी एकदम शांत झाली. तिला वाटलं, हे उत्तर आहे. उतर सावकाश, मला घाई नाही, तुझं तू बघ, असं म्हणतोय. तिच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि ते कोणाला दिसायच्या आत ती उतरली. फाटकातून आत जाताना मागे दोन घंट्या ऐकू आल्या आणि गाडी गेली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा त्याने चहा केला होता. कप तिच्यासमोर ठेवून तो म्हणाला, "गरम आहे." अबोला सुटला. कोणी सोडला यावर बोलण्याची दोघांनाही इच्छा नव्हती.

मुलाखत झाली. ती तपासनीस झाली. डेपोतली पहिली बाई तपासनीस म्हणून तिचा सत्कार झाला, आणि सत्काराला तो मागच्या रांगेत बसून होता. घरी आलेल्या पाहुण्यांसमोर ते वाक्य त्याने पहिल्यांदा म्हटलं, ते त्या संध्याकाळी. "आमच्याकडे घंटी हिच्या हातात," तो हसत म्हणाला. "ही म्हणेल तिथे थांबायचं, ही म्हणेल तेव्हा निघायचं. आपल्याला कोण विचारतं?" सगळे हसले. त्याची थोरली बहीण हसली नाही. तिला त्याने सगळं सांगितलं होतं, हे वहिनीला तिच्या नजरेवरून तत्क्षणी कळलं.

ते वाक्य मग तेरा वर्षं घरात राहिलं. सणावारी नव्हे, अगदी साध्या प्रसंगी यायचं. भाजी काय आणायची यावरून यायचं. शेजाऱ्याकडे नातू झाला की तो दारातूनच म्हणायचा, "नशीब असतं एकेकाचं." नणंद तर तोंडावर म्हणायची, "माझ्या भावाचं घर भरलं असतं गं." आणि वहिनी, जी भरल्या बसमध्ये फुकट्या प्रवाशाची गचांडी धरायची, ती इथे मूग गिळून बसायची. त्याला हवं होतं आणि आपण उतरलो, हे तिच्या मनातून जात नव्हतं. त्याची भरपाई म्हणून ती कितीतरी गोष्टींत गप्प राहिली. नणंदेचं कमरेचं हाड मोडलं तेव्हा चार महिने तिचं अंथरूण-पांघरूण हिने केलं. दोन खोल्या सोडून मोठं घर घ्यायचं तिच्या मनात होतं, त्याला नको होतं, तिने विषय सोडला. खिडकीसुद्धा त्याला हवी तशी बंदच राहायला लागली. लेक शिकली, नोकरीला लागली, परगावी गेली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, फक्त आई बाबांसमोर एवढी पड का खाते हे कोडं तिला शेवटपर्यंत सुटलं नाही.

तो निवृत्त झाल्यावर वर्षभराने डेपोची कचेरी नव्या इमारतीत हलवायची ठरली. जुन्या फायली बघून ठेवायच्या किंवा रद्दीत घालायच्या, हे काम वहिनीच्या टेबलावर आलं. नात्यातल्या माणसाची फाईल आपण हाताळायची नाही असा नियम होता, म्हणून नवऱ्याची फाईल तिने कधी उघडली नव्हती. आता तो निवृत्त, नियमही संपला. एका दुपारी तिने ती ओढली. बदल्या, बढत्या नाहीतच, दोन कौतुकाची पत्रं, उशिराबद्दल अठ्ठावीस ताकिदी. ती एकटीच हसली. आणि मग एक पिवळा पडलेला अर्ज निघाला, त्याच्या गोल, सावकाश अक्षरातला.

"माझ्या घरी मूल जन्माला येणार आहे. माझी पत्नी हुशार असून तिने नोकरी सोडू नये अशी माझी इच्छा आहे. तरी मुलाच्या जन्मापासून मला एक वर्षाची बिनपगारी रजा मिळावी. लागल्यास पुढे वाढवून मिळावी."

खाली तारीख. बुधवारची. तिने चिठ्ठी डब्याखाली ठेवली तो बुधवार. कारकुनाचा शिक्का. आणि अर्जावर तिरपी लाल रेघ मारून लिहिलं होतं: अर्जदाराच्या विनंतीवरून रद्द. खाली गुरुवारची तारीख, दुपारी दोन.

तिने चपराशाला सांगितलं, डोकं दुखतंय, जाते. घरी तो सज्जात बसून बूट पुसत होता. आता कुठे जायचं नसायचं, तरी रोज पुसायचा. तिने तो कागद त्याच्या मांडीवर टाकला.

त्याने चष्मा लावला. वाचला. "कुठे मिळाला?" एवढंच म्हणाला.

"का नाही बोललात?" तिचा आवाज खाली सायकलच्या दुकानापर्यंत गेला असेल. "हे हातात असताना का नाही बोललात?"

"अबोला तुझा होता."

"माझा?"

"तूच म्हणालीस. एक शब्द बोलायचा नाही म्हणून. मी म्हटलं, तू सोडलास की तुझ्या हातात अर्जच देईन. वाट बघत होतो."

"अहो, त्याच्या आधी तुम्ही खुर्ची फिरवलीत! तुझं तू बघ म्हणालात आणि खिडकीकडे तोंड करून बसलात! अबोला तुमचा होता!"

त्याने कागद खाली ठेवला. नेहमीसारखा वेळ घेतला. "रागाने म्हणालो तसं," तो म्हणाला. "पण खुर्ची फिरवली ती अबोल्यासाठी नाही. तू विचारलं होतंस ना, कोण घरी राहणार. मी विचार करत होतो. बिनपगारी मिळते का, किती मिळते. मला वेळ लागतो, तुला माहीत आहे."

ती उंबऱ्यावर बसली.

"आणि इंजिन?" तिने विचारलं. "इंजिन का बंद केलंत?"

"उठून मागे यायचं होतं. तू एक शब्द बोलली असतीस तर आलो असतो. तू उतरलीस."

तिला रडू आलं, आणि रडताना रागही आला, आणि राग जास्त होता. "मग त्या संध्याकाळी सांगायचं होतं! दुसऱ्या दिवशी सांगायचं! तेरा वर्षं होती तुमच्याकडे. तेरा वर्षं तुम्ही लोकांसमोर मला टोचत राहिलात, तुमच्या बहिणीपुढे मला गुन्हेगार करून उभं केलंत, आणि मी ऐकून घेतलं. मला वाटलं, मी तुमचं काढून घेतलंय. आणि तुम्हाला माहीत होतं की एका वाक्यावर अडलं होतं सगळं!"

"सांगितलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं."

"वाईट? इतकी वर्षं मला काय गुदगुल्या होत होत्या?"

त्याने हातातला बूट खाली ठेवला. मग म्हणाला, खरं तेच म्हणाला, आणि ते त्याने म्हटलं नसतं तर बरं झालं असतं. "आणि सांगितलं असतं तर माझ्याजवळ काय उरलं असतं? तू तपासनीस झालीस, साहेब झालीस. माझ्याजवळ तेवढंच होतं, की चूक तुझी होती."

तिने डोळे पुसले. रस्त्यावरून नऊ नंबरची गाडी गेली, नवी, घंटीच्या दोरीशिवायची. त्याने ती दिसेनाशी होईपर्यंत बघितली.

"अर्ज तेव्हा बघितला असतास, तर ठेवलं असतंस का गं?" त्याने विचारलं.

"माहीत नाही. कदाचित तरीही उतरले असते." ती उभी राहिली. "पण माहीत असून उतरले असते. तेवढं तरी माझं मला करू द्यायचं होतंत."

"बस जरा," तो म्हणाला. "आता कळलंय ना सगळं. आता बोलू. खिडकी उघडू का?"

तिने कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. मग त्याच्यासमोर येऊन, त्याचा चष्मा नीट नाकावर आहे हे बघून, एकेक शब्द सुटा करून ती बोलली.

"आता मी अबोला धरतेय. मी. नीट ऐका, उद्या पुन्हा कळलं नाही म्हणाल."

या गोष्टीला आता दीड वर्ष होऊन गेलं. लेक फोन करते तेव्हा दोघं आळीपाळीने बोलतात. खिडकी उघडी असते. तो रोज संध्याकाळी चहा करतो, कप तिच्यासमोर ठेवतो आणि समोरच्या खुर्चीत बसून राहतो. सांगण्यासारखं आता त्याच्याकडे पुष्कळ आहे, हे त्याच्या तोंडावर दिसतं. पण अबोला तिचा आहे, तेव्हा आधी बोलायची त्याला मुभा नाही.